ड्राफ्ट झाला, आता आपली टीम खरंच सुधारली का ते आपलं आपण कसं तपासायचं

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट (कॉलेजमधली नवी पोरं निवडायचा कार्यक्रम) शनिवारी संध्याकाळी संपतो आणि रविवारी सकाळपर्यंत बत्तीसच्या बत्तीस टीमना ग्रेड वाटून झालेले असतात, याला ए, त्याला सी मायनस, आणि मिशिगनमधल्या आमच्या मराठी ग्रुपवर दिवसभर तेच स्क्रीनशॉट फिरत राहतात. माझं म्हणणं सरळ आहे, हे ग्रेड वाचून टीमबद्दल काहीच कळत नाही. २०१२ ला सिएटलने ब्रूस अर्विन, बॉबी वॅग्नर आणि तिसऱ्या राउंडला क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा) रसेल विल्सन घेतला तेव्हा काही जाणकारांनी त्यांना सरळ नापास केलं होतं, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याच पोरांनी डेन्व्हरला ४३-८ ने धुऊन सुपर बोल (लीगची फायनल) नेला. आमच्या डेट्रॉईट लायन्सचं २०२३ चं तसंच. बाराव्या नंबरला रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) जामिर गिब्ज, अठराव्याला लाईनबॅकर (बचावाच्या लाईनमागे उभा राहणारा) जॅक कॅम्पबेल, लोकांनी डोक्याला हात लावला, आणि त्याच सीझनला टीम १२-५ (बारा जिंकून, पाच हरून) करून एनएफसी चॅम्पियनशिपपर्यंत, म्हणजे सेमीफायनलपर्यंत, गेली.

मग चाहत्याने करायचं काय? तर पोरांना मार्क देणं सोडायचं आणि टीमचा तक्ता नव्याने मांडायचा. ड्राफ्टच्या आधी कुठे भोकं होती, आता कुठली बुजली, कुठली उघडी राहिली आणि बुजवायला किंमत काय मोजली, एवढंच. एका टीमसाठी दोन-तीन संध्याकाळी लागतात आणि एक साधी स्प्रेडशीट लागते. मी लायन्सचीच उदाहरणं जास्त देणार आहे कारण तीच टीम मी आतून बाहेरून बघते, पण पद्धत कुठल्याही टीमला चालते.

भारतात बसून नव्याने एनएफएल बघायला लागलेत त्यांच्यासाठी पटकन सांगते, ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखं ऑक्शन नाही. इथे पैशाची बोली लागत नाही, नंबर असतात. गेल्या सीझनला जी टीम सगळ्यात खाली ती पहिली, सुपर बोल जिंकलेली शेवटची, असे सात राउंड तीन दिवसांत होतात, २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी एकूण २५७ पिक, म्हणजे निवडी, झाले. पहिला राउंड अमेरिकेत गुरुवारी रात्री, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो. पोरगा कॉलेजमधून येतो, त्याला नंबरनुसार जवळजवळ ठरलेला पगार मिळतो, आणि तो नंबर दुसऱ्या टीमला विकताही येतो, सगळी गंमत त्या शेवटच्या गोष्टीत आहे.

आधी जुना तक्ता, पिक नंतर

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे आणि बहुतेक लोक हेच करत नाहीत. नवीन पोरांची नावं बाजूला ठेवा आणि ड्राफ्ट झालाच नाही असं समजून टीमचा डेप्थ चार्ट, म्हणजे कुठल्या जागी कोण खेळतो याची यादी, लिहा. ऑफेन्सच्या (हल्ल्याच्या) अकरा जागा, डिफेन्सच्या (बचावाच्या) बारा, कारण आजकाल तिसरा कॉर्नर (पास झेलणाऱ्याला अडवणारा), म्हणजे निकल वाला, जवळजवळ स्टार्टरच असतो. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहायच्या: वय, कॉन्ट्रॅक्ट कुठल्या वर्षी संपतंय, गेल्या सीझनला किती स्नॅप (बॉल सुटून होणारा एकेक डाव) खेळला, आणि दुखापत. कॉन्ट्रॅक्टसाठी ओव्हर द कॅप किंवा स्पॉट्रॅक उघडा, स्नॅपसाठी प्रो फुटबॉल रेफरन्स, दोन्हीकडे फुकटात भरपूर मिळतं.

आता २०२५ च्या एप्रिलमधले लायन्स घ्या. टीम १५-२ करून आलेली, वरवर बघितलं तर कुठे काही कमी नाही, त्यामुळे "आता फक्त एक एज रशर घ्या" एवढंच सगळे म्हणत होते, म्हणजे कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा, आमच्या एडन हचिन्सनच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी हवा म्हणून. पण तक्ता लिहायला बसलं की वेगळंच चित्र दिसायचं. राईट गार्ड (गार्ड म्हणजे सेंटरच्या दोन्ही बाजूंना उभे राहून समोरच्यांना अडवणारे) केविन झाइटलर टेनेसीला गेलेला, म्हणजे तिथे सरळ भोक. लेफ्ट गार्ड ग्रॅहम ग्लासगो तिशी ओलांडलेला. सेंटर (लाईनच्या मधे उभा राहून बॉल मागे देणारा) फ्रँक रॅगनाऊ, लीगमधला एक नंबरचा सेंटर, पण वर्षानुवर्षं दुखापती घेऊन खेळत असलेला. डिफेन्सच्या आतल्या लाईनला अलीम मॅक्नीलचा गुडघा डिसेंबरमध्ये गेलेला, म्हणजे सप्टेंबरला तो नसणार हे दिसतच होतं, आणि त्याच्या शेजारचा डी. जे. रीडर तिशी पार केलेला. म्हणजे भोकं आतल्या लाईनींमध्ये होती, दोन्ही बाजूंच्या, आणि आपण सगळे बाहेर एजकडे बघत बसलेलो.

मग ड्राफ्ट बघा. २८ ला डिफेन्सिव्ह टॅकल (डिफेन्सच्या आतल्या लाईनचा) टायलिक विल्यम्स, ५७ ला गार्ड टेट रॅटलेज, पाचव्या राउंडला अजून एक गार्ड माइल्स फ्रेझर. एज आला तो सहाव्या राउंडला, बॉइसी स्टेटचा अहमद हसनीन. तक्ता आधी लिहिला असेल तर हे पिक बघून धक्का बसत नाही, आमचा जीएम (जनरल मॅनेजर) ब्रॅड होम्स कुठे बघत होता ते लगेच लक्षात येतं. एज सोडून रिसीव्हरसाठी (पास झेलणाऱ्यासाठी) पिक उधळण्यावर माझा राग आहेच आणि तो मी खाली लिहिणार आहे, पण निदान कशाच्या बदल्यात घेतला नाही ते कळलं.

तक्त्यात दोन रंग वापरा. या वर्षीचं भोक लाल, पुढच्या वर्षी पडणारं भोक पिवळं. पिवळ्याकडे दुर्लक्ष करू नका, कारण चांगल्या टीम बऱ्याचदा पिवळ्यासाठीच पिक वापरतात आणि चाहत्यांना तेच पटत नाही. फिलाडेल्फियाने २०२० ला दुसऱ्या राउंडला ५३ नंबरवर क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स घेतला तेव्हा आधीचा क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झला भलंमोठं कॉन्ट्रॅक्ट देऊन जेमतेम वर्ष झालेलं, तिथले लोक चिडले होते, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅन्सस सिटीला ४०-२२ ने हरवलं तेव्हा एमव्हीपी (सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू) तोच. उलट बाजूला अटलांटा, मार्च २०२४ ला कर्क कझिन्सला चार वर्षांचं १८० मिलियन डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट आणि सहा आठवड्यांनी आठव्या नंबरला मायकल पेनिक्स. क्वार्टरबॅकचं पिवळं भोक भरणं ठीक, पण १०० मिलियनची गॅरंटी आधी देऊन मग भरायचं हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही नाही, कारण तो आठवा नंबर आणि ते पैसे मिळून दुसरीकडची दोन लाल भोकं बुजली असती.

किंमत किती मोजली

आता ट्रेड. एखाद्या टीमने पुढे जाऊन पोरगा घेतला तर पोरगा चांगला आहे का हा अर्धाच प्रश्न झाला. डॅलसच्या जिमी जॉन्सनच्या काळात, नव्वदीच्या सुरुवातीला, एक पॉइंट चार्ट बनला, तो अजून सगळीकडे वापरतात. पहिल्या नंबरला ३००० पॉइंट, दुसऱ्याला २६००, पाचव्याला १७००, दहाव्याला १३००, सोळाव्याला १०००, आणि पहिल्या राउंडच्या शेवटच्या म्हणजे बत्तिसाव्याला ५९०.

एक हिशोब करून दाखवते. २०२५ ला जॅक्सनव्हिलने ट्रॅव्हिस हंटरसाठी क्लीव्हलंडकडून दुसरा नंबर घेतला. दिलं काय, तर पाचवा नंबर, छत्तिसावा नंबर, चौथ्या राउंडचा एक पिक आणि २०२६ चा पहिला राउंड. चार्टवर पाचवा १७०० आणि छत्तिसावा ५४०, झाले २२४०. दुसऱ्या नंबरचे २६००. फरक उरला ३६० चा. चौथ्या राउंडचा पिक गेला आणि एक परत आला, ती चिल्लर, तीही धरली तरी फरक चारशेच्या आसपास. आणि तो भरायला दिला अख्खा पुढच्या वर्षीचा पहिला राउंड, जो अगदी शेवटचा आला असता तरी ५९० चा आहे. म्हणजे चार्टप्रमाणे क्लीव्हलंडला जास्त मिळालं. याचा अर्थ जॅक्सनव्हिल चुकलं असा होत नाही, रिसीव्हर आणि कॉर्नर दोन्ही खेळणारा पोरगा रोज येत नाही, पण तुमच्या शीटमध्ये हंटरच्या नावापुढे ही सगळी किंमत लिहिलेली पाहिजे. नाहीतर दोन वर्षांनी आपण फक्त त्याचे कॅच मोजत बसतो आणि टीमला गार्ड का नाही ते विसरून जातो.

चार्ट जुना आहे आणि वरच्या नंबरांना फार भाव देतो हे मात्र लक्षात ठेवा. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी (थेलरला पुढे २०१७ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) ड्राफ्टचा अभ्यास केला, तर आधी घेतलेला खेळाडू त्याच पोझिशनच्या पुढच्या खेळाडूपेक्षा सरस निघण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांच्या आसपास निघालं. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरं. म्हणून माझा कल नेहमी मागे जाऊन जास्त पिक गोळा करणाऱ्या टीमकडे असतो, आणि एकाच पोरासाठी पुढचे पिक उधळणाऱ्या टीमला मी जास्त कडक तपासते.

ट्रेडची साखळी शेवटपर्यंत ओढायची सवय लावा, फार मजा येते आणि डोळे उघडतात. २०२१ ला आम्ही मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिसला दिला, बदल्यात जॅरेड गॉफ, दोन पहिले राउंड आणि एक तिसरा राउंड. त्यातला २०२३ चा पिक सहाव्या नंबरचा निघाला. तो आणि ८१ वा ॲरिझोनाला दिला, मिळाला बारावा, चौतिसावा आणि १६८ वा. बाराव्याला गिब्ज, चौतिसाव्याला टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) सॅम लापोर्टा, ज्याने रुकी (पहिल्या वर्षाच्या) टाइट एंडचा तेव्हाचा रेकॉर्ड मोडत ८६ कॅच घेतले. त्या रात्री "बाराव्याला रनिंग बॅक?" म्हणून ओरडणाऱ्यांच्या शीटमध्ये लापोर्टाचं नाव गिब्जच्या ओळीत लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांना तो सौदा महाग वाटला.

आणि आता माझा राग. २०२५ ला आयझॅक टेस्ला या रिसीव्हरसाठी आम्ही सत्तराव्या नंबरवर गेलो, त्यासाठी १०२ नंबर आणि २०२६ चे तिसऱ्या राउंडचे दोन पिक दिले. परत आलं ते शेवटच्या राउंडांमधलं थोडंफार. सेंट ब्राउन आणि जेमसन विल्यम्स असताना तिसऱ्या-चौथ्या रिसीव्हरसाठी एवढं? पोरगा उंच आहे, पळतो, हातात आलेला बॉल सोडत नाही, मला तो आवडतोही. पण तिसऱ्या राउंडला याच होम्सने २०२२ ला सेफ्टी (बचावातला सगळ्यात मागचा) कर्बी जोसेफ घेतलेला आहे, ज्याने २०२४ मध्ये नऊ इंटरसेप्शन (समोरच्याचे पास मधेच पकडणं) घेऊन लीगमध्ये पहिला नंबर काढला. तिसऱ्या राउंडचे दोन पिक म्हणजे काय असतं हे आमच्याइतकं कोणाला माहिती.

बोर्डशी तुलना, पण बेताने

एकाच एक्स्पर्टचा बिग बोर्ड (खेळाडूंची क्रमवारी) धरून "रीच", म्हणजे लायकीपेक्षा लवकर घेतला, म्हणू नका. पाच-सहा जणांचे बोर्ड घ्या, सरासरी काढा, किंवा तयार सरासरी मिळते ती वापरा. मग प्रत्येक पिकपुढे दोन आकडे, कितव्या नंबरला घेतला आणि सरासरीत कितवा होता. पहिल्या तीन राउंडांसाठी हे उपयोगी आहे, त्यानंतर बोर्डच इतके वेगवेगळे असतात की फरकाला काही अर्थ उरत नाही.

खूप मोठा फरक दिसला तर तीन गोष्टी तपासायच्या. एक, मेडिकल, जे आपल्याला दिसत नाही पण टीमला दिसतं, त्यामुळे वर असलेला पोरगा धडाधड खाली घसरला तर आधी हीच शंका घ्यायची. दोन, पोझिशन, कारण रनिंग बॅक, आतला लाईनबॅकर, सेफ्टी यांना टीम खाली घेतात आणि क्वार्टरबॅक, ऑफेन्सच्या लाईनच्या टोकाचे टॅकल, एज, कॉर्नर यांना वर ओढतात. तीन, टीममध्ये त्याची नेमकी जागा होती का. गिब्जच्या वेळी जमाल विल्यम्स न्यू ऑर्लिन्सला गेलेला आणि ड्राफ्टच्याच शनिवारी डीआंद्रे स्विफ्टला फिलाडेल्फियाला दिलं, म्हणजे जागा मोकळीच केलेली. ते कळल्यावर त्या पिकचा अर्थ बदलतो.

आणि खालून वर आलेल्यांची उदाहरणं सगळ्यांना पाठ असतात, टॉम ब्रेडी १९९, ब्रॉक पर्डी २६२ म्हणजे त्या ड्राफ्टचा अगदी शेवटचा, पुका नाकुआ १७७. पण त्यावरून सहाव्या राउंडच्या पोराला स्टार समजून तक्त्यात लाल भोकावर हिरवा रंग मारू नका. अशी नावं लक्षात राहतात ती विरळ असतात म्हणूनच.

पगाराचं गणित

हे थोडं कोरडं वाटेल पण याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. लीग आणि खेळाडूंमधल्या २०११ च्या करारानंतर रुकीचे पगार बांधले गेले. २०१० चा पहिला पिक सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांचं ७८ मिलियनचं कॉन्ट्रॅक्ट होतं, पुढच्याच वर्षी पहिला पिक कॅम न्यूटन याला चार वर्षांचे २२ मिलियन. तेव्हापासून ड्राफ्टचा चांगला खेळाडू म्हणजे चार वर्षं स्वस्तात खेळाडू, आणि पहिल्या राउंडवाल्यावर टीमला पाचव्या वर्षाचा ऑप्शनही असतो.

म्हणून बघायचं हे की त्या पोझिशनचा तयार खेळाडू बाजारातून आणला असता तर किती पडला असता. मार्च २०२५ ला माइल्स गॅरेटला वर्षाला ४० मिलियन मिळाले, एज रशर. त्याच महिन्यात रनिंग बॅकमध्ये सगळ्यात वरचा सेकॉन बार्कली, त्याला वर्षाला वीसच्या थोडं वर. आता लास वेगासने सहाव्या नंबरला ॲश्टन जेंटी घेतला, रनिंग बॅक, सहाव्या नंबरचा पगार वर्षाला साधारण नऊ मिलियन पडतो. तो बार्कलीइतका झाला तर वाचले अकरा, त्याच जागी एखादा एज गॅरेटसारखा झाला असता तर वाचले एकतीस. जेंटी अफाट खेळाडू आहे याबद्दल वादच नाही, पण टीम बांधायची म्हणजे कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेत) बसवायची, २०२५ ला तो २७९.२ मिलियन होता, त्यातच त्रेपन्न जण.

सगळ्यात मोठी बचत अर्थात क्वार्टरबॅकची. वॉशिंग्टन २०२३ ला ४-१३ होतं, २०२४ ला दुसऱ्या नंबरला जेडेन डॅनियल्स आला आणि १२-५ झालं, प्लेऑफमध्ये आमच्याच घरी येऊन आम्हाला ४५-३१ ने हरवून गेले. तो सामना आठवला की अजून पोटात गोळा येतो. पण एका पिकने एका वर्षात टीम इतकी बदलते ती फक्त याच पोझिशनला, आणि त्याचा पगार कमी म्हणून बाकीचे अनुभवी खेळाडू परवडले, हे विसरू नका. तुमच्या टीमचा क्वार्टरबॅक रुकी पगारावर असेल तर शीटच्या वरती मोठ्या अक्षरात लिहा की किती वर्षं उरली.

प्रत्येकाचे स्नॅप अंदाजाने लिहा

आता नवीन पोरं तक्त्यात बसवायची, आणि प्रत्येकापुढे पहिल्या सीझनचा स्नॅपचा अंदाज आकड्यात लिहायचा. "चांगला डेव्हलप होईल" असलं काही नको. पूर्ण वेळ स्टार्टर सीझनला साधारण हजार-अकराशे स्नॅप खेळतो. मी रॅटलेजला हजार धरले होते कारण जागा रिकामी होती आणि तो कॉलेजला राईट गार्डच खेळलेला, विल्यम्सला पाचशे कारण आतल्या लाईनला फिरतं चक्र असतं, हसनीनला शून्याच्या जवळ.

नव्वद जणांचे ऑगस्टअखेर त्रेपन्न करायचे असतात, सोळा-सतरा प्रॅक्टिस स्क्वॉडला (राखीव सरावाच्या गटात) जातात. म्हणून प्रत्येक नव्या नावापुढे कोण बाहेर जाणार तेही लिहा. हे लिहायला बसलात की बऱ्याचदा कळतं की पाचव्या राउंडचा रिसीव्हर आणि गेल्या वर्षीचा चौथ्या राउंडचा रिसीव्हर एकाच खुर्चीसाठी आहेत, म्हणजे त्या पिकने टीम वाढलेली नाहीये, फक्त माणूस बदललाय. चौथ्या राउंडनंतरच्या पोरांचं पोट स्पेशल टीमवर (किकच्या वेळी उतरणाऱ्या खेळाडूंवर) असतं, त्यामुळे कॉलेजला तो किक कव्हरेजला पळायचा का ते शोधा. न निवडलेल्या पोरांची यादी पण वाचा, ड्राफ्ट संपल्या संपल्या त्यांना फोन जातात आणि दर वर्षी त्यातले काही जण टिकतात.

खेळ बघायचा असेल तर हायलाइट बघू नका. एकच अख्खी मॅच बघा, सगळ्यात तगड्या विरोधकाविरुद्धची, आणि त्या पोराशिवाय कोणाकडे बघायचं नाही. लाईनमनसाठी हे सोपं आहे, बॉल सुटला की तुमची नजर बॉलमागे जाऊ द्यायची नाही, त्याच्या पायांवर ठेवायची. पाय थांबले आणि कमरेतून वाकला की पुढच्या लेव्हलला मार खाणार. चाळीस यार्ड किती सेकंदात पळाला हे इंडियानापोलिसच्या कंबाइनमधून (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांमधून) कळतं, पण गार्डला चाळीस यार्ड पळायची वेळ सीझनमध्ये एखाद-दोनदाच येते.

कोच कोण, आणि शेजारी काय करतायत

पोरगा कोणासाठी घेतला हे बघा. आमचा ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर बेन जॉन्सन २०२५ ला शिकागोचा हेड कोच झाला, डिफेन्सचा ॲरन ग्लेन न्यूयॉर्क जेट्सला गेला. १५-२ चा तक्ता जसाच्या तसा ठेवला तरी तो चालवणारी दोन्ही डोकी गेली, आणि याचा ग्रेडमध्ये कुठेच उल्लेख नव्हता. कोच बदलला असेल तर मी जुन्या खेळाडूंनाही एकेक पायरी अनिश्चित धरते.

आणि सतरापैकी सहा मॅच आपल्याच डिव्हिजनमध्ये (चार टीमच्या गटात) असतात, त्यामुळे आपण किती सुधारलो यापेक्षा त्या तिघांच्या मानाने किती, हे जास्त मोलाचं. २०२५ ला शिकागोने ड्राफ्टच्या आधीच जो थुनी, जोना जॅक्सन आणि ड्रू डॅलमन आणून आतली अख्खी लाईन बदलली, मग दहाव्याला टाइट एंड कोल्स्टन लव्हलंड, दुसऱ्या राउंडला रिसीव्हर लूथर बर्डन. मिनेसोटाने चोविसाव्याला गार्ड डॉनोव्हन जॅक्सन. ग्रीन बेने मॅथ्यू गोल्डन, २००२ नंतर पहिल्यांदा पहिल्या राउंडला रिसीव्हर. म्हणजे आपली आतली ऑफेन्सिव्ह लाईन विस्कटत असताना दोन शेजारी नेमकी तीच घट्ट करत होते. शेजाऱ्यांचा पूर्ण तक्ता करायची गरज नाही, फक्त त्यांची लाल भोकं आणि ती बुजली का एवढं पुरे.

मे आणि जूनमध्ये पुन्हा उघडा

ड्राफ्टनंतरचं मूल्यमापन एप्रिलमध्ये संपत नाही. ड्राफ्टनंतर काही दिवसांत एक तारीख येते जिच्यानंतर घेतलेला फ्री एजंट (कॉन्ट्रॅक्ट संपलेला खेळाडू) कॉम्पेन्सेटरी पिकच्या, म्हणजे गेलेल्या खेळाडूंच्या भरपाईच्या पिकच्या, हिशोबात धरत नाहीत, त्यामुळे बऱ्याच टीम त्यानंतरच अनुभवी खेळाडू उचलतात. मेच्या सुरुवातीला पाचव्या वर्षाच्या ऑप्शनची मुदत. मग रुकी मिनीकॅम्प, मग स्प्रिंगची प्रॅक्टिस, जिथे कोण कुठे उभा राहतोय हे बातम्यांमधून कळतं.

२०२५ च्या स्प्रिंगमध्ये रॅटलेज गार्ड असून सेंटरलाही स्नॅप घेतोय असं वाचायला मिळत होतं. अशी ओळ दिसली की लगेच तक्ता उघडायचा आणि सेंटरच्या चौकोनाकडे बघायचं. जूनच्या सुरुवातीला रॅगनाऊने रिटायरमेंट जाहीर केली, वय फक्त एकोणतीस. ग्लासगोला सेंटरला सरकवलं, लेफ्ट गार्डला क्रिश्चन महोगनी आला, राईटला रॅटलेज. म्हणजे आतल्या तिन्ही जागी नवीन माणूस, आणि पहिलीच मॅच ग्रीन बेमध्ये, हरलो २७-१३. एप्रिलमध्ये त्या ड्राफ्टला जे कोणी "दोन गार्ड कशाला" म्हणाले होते त्यांनी जूनमध्ये शीट पुन्हा उघडली असती तर माझ्यासारखंच म्हणाले असते, की दोन कमीच पडले.

हिशोब कधी लावायचा

ग्रेड देऊच नका. शीटच्या खाली तारीख घालून तीन-चार वाक्यं लिहा: कुठलं भोक बुजलं, कुठलं उघडं राहिलं, कुठल्या पिकला जास्त किंमत मोजली, आणि किती मॅच जिंकू असं वाटतं. मग फाइल बंद. जानेवारीत स्नॅपचे खरे आकडे शेजारच्या कॉलममध्ये भरायचे. पहिल्या सीझनवरून पोराबद्दल फार बोलायचं नाही, फक्त आपला अंदाज कुठे हलला ते बघायचं.

खरा निकाल तीन सीझननंतर, कारण ड्राफ्टमधल्या खेळाडूचं कॉन्ट्रॅक्ट त्याआधी वाढवताच येत नाही. टीम ज्याला स्वतःहून दुसरं कॉन्ट्रॅक्ट देते तो पिक जमला, एवढी साधी कसोटी. २०२१ चा आमचा ड्राफ्ट घ्या, त्या सीझनला आम्ही ३-१३-१ (शेवटचा एक बरोबरीचा) होतो, लोक म्हणायचे काही फरक पडला नाही. सातव्याला पेनेई सूएल, ७२ ला मॅक्नील, ११२ ला अमॉन-रा सेंट ब्राउन. एप्रिल २०२४ मध्ये ड्राफ्ट डेट्रॉईटला आला, तीन दिवसांत ७,७५,००० च्या वर लोक डाउनटाउनमध्ये उतरले, आणि त्याच्या आदल्या दिवशी सूएल आणि सेंट ब्राउन दोघांची कॉन्ट्रॅक्टं वाढवली, ११२ आणि १२० मिलियनची. मॅक्नीलचं त्याच ऑक्टोबरमध्ये झालं. एका ड्राफ्टमधून निदान तीन.

२०२५ च्या सात जणांचा कॉलम अशाच पद्धतीने भरायचा आहे. टेस्लाची ओळ मी थोडी मोठी ठेवली आहे, त्याच्या नावाशेजारी दोन चौकोन जास्त आहेत, ते दोन तिसरे राउंड ज्यांच्या नावावर जातील ती नावं तिथे लिहायची आणि तिघांचे स्नॅप एकत्रच मोजायचे.